जोकबाल

जोकबाल हा डुकराचे पाय सोया सॉस, आले, लसूण, कांदा आणि मसाल्यांच्या पाण्यात मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून केला जाणारा कोरियन पदार्थ आहे. शिजलेले पाय निववून त्यांतील मोठी हाडे काढतात, कातडीसह पातळ काप करतात आणि ते खारवलेली बारीक कोळंबी, हिरवी पाने, लसूण व मिरची यांच्यासह वाढतात. दक्षिण कोरियात हा प्रामुख्याने मद्यासोबत खाण्याचा, मित्रमंडळीत वाटून घेण्याचा आणि रात्री उशिरा घरी मागवण्याचा पदार्थ मानला जातो. राजधानी सोलमधील जांगचुंग-दोंग ही वस्ती जोकबालसाठी विशेष प्रसिद्ध आहे.

डुकराच्या पायात मांस थोडे आणि कातडी, कंडरा व हाडे जास्त असतात. त्यामुळे हा भाग एके काळी स्वस्त व दुय्यम समजला जाई. कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी तो शहरी खाद्यजीवनात रुजवला. आज जोकबाल स्वस्त राहिलेला नाही. परंतु त्याची कृती मात्र मूळ कारणाशी इमान राखून आहे. महागड्या मांसाऐवजी वेळ आणि मंद आच हेच तिचे खरे भांडवल आहे.

नाव आणि उच्चार

‘जोक’ हा पाय या अर्थाच्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार आहे, तर ‘बाल’ हा त्याच अर्थाचा अस्सल कोरियन शब्द आहे. म्हणजे ‘जोकबाल’चा शब्दशः अर्थ ‘पाय-पाय’ असा होतो. परभाषेतून आलेला शब्द आणि त्याच अर्थाचा स्वभाषेतील शब्द एकमेकांना जोडण्याची ही प्रवृत्ती कोरियन भाषेत इतरत्रही दिसते. सासुरवाडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘चोगातजिप’ या शब्दात ‘घर’ असाच दोनदा आला आहे. मराठीतील ‘धनदौलत’ आणि ‘बाजारहाट’ हे शब्द याच जातीचे आहेत.

‘जोकबाल’ हे नाव कच्च्या पायांना आणि शिजवलेल्या पदार्थाला, दोन्हींना लागू पडते. यातील ‘जो’चा उच्चार ‘जोडा’ किंवा ‘जोर’ या शब्दांतील दंततालव्य ‘ज’प्रमाणे नसून ‘ज्योत’मधील तालव्य ‘ज’च्या जवळचा आहे. शब्दाच्या आरंभी तो काहीसा ‘च’कडे झुकतो, आणि ‘क’नंतर आल्यामुळे पुढचा ‘ब’ कठोर होऊन ‘प’सारखा ऐकू येतो.

इतिहास

पूर्वपीठिका

जनावरांचे पाय शिजवून खाण्याची परंपरा कोरियात जुनी आहे. जोसोन राजवटीच्या काळात (इ.स. १३९२ पासून) बैलाचे पाय दीर्घकाळ उकळून, त्यांचा रस गाळून व थिजवून ‘जोकप्योन’ नावाच्या वड्या केल्या जात. हा समारंभाचा आणि संपन्न घरांचा पदार्थ होता. डुकराच्या पायांना अशी प्रतिष्ठा नव्हती. बाळंतिणीला दूध यावे म्हणून त्यांचे कढण देण्याची चाल मात्र कोरियात, तसेच चीनमध्येही होती.

आजच्या जोकबालच्या उगमाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार तो उत्तर कोरियातील प्योंगान व ह्वांगहे या प्रांतांतील घरगुती पाककृतींतून आला. दुसऱ्या मतानुसार सोया सॉस आणि पाच मसाल्यांत मांस शिजवण्याच्या चिनी पद्धतीचा त्यावर प्रभाव आहे. ही मते परस्परविरोधी नाहीत. प्योंगान प्रांत चीनच्या सीमेला लागून आहे, आणि चक्रीफूल व दालचिनी यांचा जोकबालमधील वापर चिनी मुरवणीची आठवण करून देतो.

जांगचुंग-दोंग

जांगचुंग-दोंग ही वस्ती सोलच्या मध्यभागी, नामसान टेकडीच्या पूर्व पायथ्याशी आहे. ‘दोंग’ म्हणजे शहराचा लहान प्रशासकीय विभाग. जपानी राजवटीत (१९१०–४५) या भागात जपानी रहिवाशांची बरीच घरे होती. १९४५ नंतर ती रिकामी झाली आणि युद्धाच्या काळात व त्यानंतर उत्तरेतून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे आसरा घेतला. अशा लोकांना कोरियन भाषेत ‘सिल्ह्यांगमिन’, म्हणजे गाव हरवलेले लोक, असे म्हणतात. १९५३ च्या युद्धविरामानंतर सीमा बंद झाली आणि त्यांना परतण्याचा मार्ग उरला नाही.

उपजीविकेसाठी यांतील काहींनी, विशेषतः स्त्रियांनी, छोटी खाद्यगृहे उघडली. प्रारंभी तेथे ‘बिंदेत्तोक’ हा पदार्थ विकला जाई. वाटलेल्या मुगाचे डुकराच्या चरबीवर भाजलेले हे धिरडे उत्तरेकडील प्रांतांची खासियत आहे. मद्यासोबत आणखी काही पोटभरीचे हवे, अशी गिऱ्हाइकांची मागणी वाढल्यावर स्वस्तात मिळणारे डुकराचे पाय सोया सॉसमध्ये शिजवून विकण्यास सुरुवात झाली, असे या वस्तीतील परंपरा सांगते. थंड शेवयांचा नेंगम्योन आणि बिंदेत्तोक यांच्याप्रमाणे जोकबालही अशा रीतीने विस्थापितांच्या ताटातून राजधानीच्या ताटात आला.

१९६३ साली याच वस्तीत जांगचुंग क्रीडागृह सुरू झाले. बास्केटबॉल, कुस्ती आणि मुष्टियुद्धाचे सामने पाहण्यास येणारी गर्दी सामन्यानंतर जवळच्या जोकबालच्या दुकानांत शिरू लागली. २५ जून १९६६ रोजी किम गी-सू याने इटलीच्या निनो बेनवेनुती याला या क्रीडागृहात हरवले आणि तो कोरियाचा पहिला व्यावसायिक मुष्टियुद्ध जगज्जेता ठरला. किम हा स्वतः उत्तरेकडील हामग्योंग प्रांतातून युद्धकाळात दक्षिणेत आलेला होता. क्रीडागृहामुळे दुकानांची संख्या वाढून तेथे ‘जोकबाल गल्ली’ तयार झाली. सोल भुयारी रेल्वेच्या तिसऱ्या मार्गावरील दोंगगुक विद्यापीठ हे स्थानक या गल्लीला सर्वांत जवळचे आहे.

या गल्लीतील अनेक दुकानांच्या पाट्यांवर ‘वोन्जो’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ मूळ किंवा आद्य असा आहे. आद्य दुकान कोणते, यावर दुकानदारांत एकमत नाही. आरंभीची दुकाने नोंदी ठेवण्याच्या परिस्थितीत नव्हती, जागाही वारंवार बदलत, आणि एकीकडे काम शिकलेली व्यक्ती शेजारीच स्वतःचे दुकान थाटत असे. त्यामुळे एका व्यक्तीला या पदार्थाची जनक ठरवणे कठीण आहे.

प्रसार

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिण कोरियात व्यावसायिक वराहपालन वाढू लागले आणि डुकराचे मांस जपानला निर्यात होऊ लागले. निर्यातीत पाठीच्या व कमरेच्या चरबीविरहित मांसाला मागणी होती; पाय, डोके आणि आतडी देशातच उरत. जोकबाल आणि आतड्यांत सारण भरून केलेला ‘सुंदे’ हे पदार्थ त्या काळात शहरांतील कष्टकरी वर्गात लोकप्रिय होण्यामागे हे एक कारण सांगितले जाते. पुढे दूरध्वनीवरून आणि नंतर मोबाइलवरून घरपोच अन्न मागवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा तळलेल्या कोंबडीच्या जोडीने जोकबाल ‘यासिक’ म्हणजे रात्रीचे उशिराचे खाणे म्हणून घरोघरी पोहोचला.

पायाची निवड

बाजारात मिळणाऱ्या जोकबालमध्ये केवळ खूर नसतो. गुडघ्याखालचा नळीचा मांसल भाग खुरासह कापून घेतला, तर त्याला ‘जांगजोक’ म्हणजे लांब पाय म्हणतात. फक्त खालच्या, बोटांच्या भागाला ‘दानजोक’ म्हणजे आखूड पाय किंवा ‘मिनी जोकबाल’ असे नाव आहे. काप करून वाढण्यासाठी लांब पाय लागतो. आखूड पायात काप निघण्याइतके मांस नसते, म्हणून तो हाडासकट चघळून खातात.

पुढच्या आणि मागच्या पायांतही फरक केला जातो. पुढचा पाय अधिक मऊ समजला जातो. त्यात मांस, कंडरा आणि कातडी यांचे प्रमाण समतोल असते आणि हाड तुलनेने लहान असते. मागच्या पायाचे मांस अधिक कोरडे लागते. या कारणाने पुढचा पाय महाग असतो आणि अनेक दुकाने आपण फक्त पुढचेच पाय वापरतो, असे आवर्जून जाहीर करतात. दुकानांत हा पदार्थ वजनावर न विकता मोठा, मध्यम व लहान अशा मापांत विकण्याची पद्धत आहे.

घरगुती कृती

दक्षिण कोरियात जोकबाल बहुधा विकत आणला जातो. मोठे पातेले, कित्येक तासांचा वेळ, पाय स्वच्छ करण्याचे कष्ट आणि शिजताना सुटणारा उग्र वास या गोष्टींमुळे तो घरी करणारे थोडे आहेत. परदेशातील कोरियन कुटुंबांत, जेथे जवळपास असे दुकान नसते, तेथे तो घरी केला जातो. घराघरांत मसाल्याचे प्रमाण बदलते. पुढे दिलेले प्रमाण सर्वसाधारण आहे.

साहित्य (चार ते पाच जणांसाठी)

• डुकराचे पुढचे लांब पाय – २ (सुमारे २ ते २.५ किलो)
• पाणी – सुमारे ३ लिटर, पाय बुडतील इतके
• सोया सॉस – २५० ते ३०० मिलिलिटर
• तपकिरी साखर – सुमारे १०० ग्रॅम
• तांदळाचे मद्य किंवा सोजू – २०० मिलिलिटर
• कांदा – १ मोठा
• जाड दांड्याची कांद्याची पात – २ जुड्या
• लसूण – १० ते १२ पाकळ्या
• आले – ३० ते ४० ग्रॅम, चकत्या करून
• देन्जांग (आंबवलेल्या सोयाबीनचा कोरियन लगदा) – १ मोठा चमचा
• काळी मिरी – १ लहान चमचा
• दालचिनी – १ तुकडा
• चक्रीफूल – १ किंवा २
• लॉरेलची वाळलेली पाने – ३
• सुक्या लाल मिरच्या – २ किंवा ३
• इन्स्टंट कॉफी – १ लहान चमचा (ऐच्छिक)

लॉरेलची पाने आणि भारतीय स्वयंपाकातील तमालपत्र ही वेगवेगळ्या झाडांची पाने आहेत. तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो. त्यामुळे ते वापरल्यास दालचिनी कमी करावी लागते. अनेक जण या मसाल्यांत ज्येष्ठमधाची एखादी चकती किंवा अर्धे सफरचंद घालतात. कॉफीमुळे वास दबतो आणि रंग गडद होतो. दुकानी जोकबालसारखा तकाकी असलेला तपकिरी रंग हवा असल्यास साखर आधी थोड्या तेलात करपू न देता तांबूस करून घेतात किंवा गडद चिनी सोया सॉसची थोडी भर घालतात.

स्वच्छता

पदार्थाची चव बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरी स्वच्छता हे असते. पाय प्रथम थंड पाण्यात दोन ते तीन तास भिजवून ठेवतात आणि पाणी दोन-तीन वेळा बदलतात. त्यामुळे हाडांच्या टोकांशी साचलेले रक्त निघून जाते. जास्त वेळ भिजवायचे असल्यास भांडे फ्रीजमध्ये ठेवणे आवश्यक असते. त्यानंतर कातडीवर उरलेले केस वस्तऱ्याने काढतात किंवा ज्योतीवर धरून जाळतात, आणि कातडी सुरीने खरवडून धुतात. बोटांच्या बेचक्यांत मळ राहण्याचा संभव असतो, म्हणून तो भाग उघडून पाहावा लागतो.

यानंतर पाय भरपूर पाण्यात घालून उकळी आल्यावर सुमारे दहा मिनिटे उकळतात. वर येणारा करडा फेस, मळ आणि उग्र वास या पाण्यात उतरतो. हे पाणी फेकून देतात, पाय पुन्हा वाहत्या पाण्याखाली धुतात आणि पातेलेही घासून घेतात. ही पायरी गाळल्यास रस गढूळ होतो आणि कितीही मसाला घातला तरी वास झाकला जात नाही.

शिजवणे

स्वच्छ पातेल्यात पाय, पाणी आणि इतर सर्व साहित्य एकत्र करून उकळी आणतात. बारीक मसाले कापडाच्या पुरचुंडीत बांधले, तर नंतर काढणे सोपे जाते. उकळी आल्यावर आच कमी करून, झाकण थोडे उघडे ठेवून दोन ते अडीच तास शिजवतात. पाण्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून बुडबुडा यावा, इतपतच आच पुरेशी असते. दर अर्ध्या तासाने पाय उलटावे लागतात. तसे न केल्यास पाण्याबाहेर राहिलेली बाजू फिकट आणि कडक राहते, तर तळाशी टेकलेली कातडी चिकटून फाटते.

मांस शिजल्याची खूण अशी, की जाड भागात टोचलेली काडी अडखळल्याविना आत जाते आणि नळीच्या हाडाच्या टोकाकडून मांस मागे सरकलेले दिसते. मात्र कातडी बोटाने दाबल्यावर तिला किंचित ताण उरलेला असावा. मांस हाडावरून गळून पडेपर्यंत शिजवलेल्या पायांचे काप होत नाहीत. शेवटची वीस ते तीस मिनिटे झाकण काढून, रस थोडा आटवून तो पळीने पायांवर सोडत राहतात. त्यामुळे कातडीला चकाकी येते.

प्रेशर कुकरमध्ये हेच काम सुमारे ४० ते ५० मिनिटांत होते. त्यासाठी पाणी व सोया सॉस कमी घेतात, कारण वाफ बाहेर जात नसल्याने रस आटत नाही. कुकरमधील पायांचा रंग फिका येतो. म्हणून नंतर ते उघड्या भांड्यात त्याच रसात काही वेळ आटवून घेतात.

निववणे आणि कापणे

आच बंद केल्यावर पाय वीस ते तीस मिनिटे रसातच राहू देतात आणि मग बाहेर काढून कोमट होईपर्यंत निववतात. गरम असताना सुरी लावल्यास कातडी आणि मांस एकमेकांपासून सुटतात. नीट निवलेल्या पायात जिलेटिन घट्ट होऊन कातडी, चरबी व मांस यांचे थर एकत्र धरून ठेवते आणि काप सुबक पडतात.

कापताना नळीच्या लांबीने हाडापर्यंत एक चीर देऊन, सुरी हाडाला घासत फिरवून हाड मोकळे करतात. मांस कातडीची बाजू वर ठेवून तिरप्या सुरीने तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे कापतात. बोटांचा भाग सांध्यावर तोडून तसाच ठेवतात. ताटात हाडे व बोटे तळाशी रचून त्यांवर काप मांडण्याची पद्धत आहे. काप संपल्यावर तळाची हाडे हातात धरून चघळणे हा जेवणाचा दुसरा भाग मानला जातो.

उरलेला रस

गाळून घेतलेला रस टाकून दिला जात नाही. जुन्या दुकानांत तोच रस रोज उकळून, त्यात पाणी, सोया सॉस व मसाला यांची भर घालून वर्षानुवर्षे वापरला जातो. प्रत्येक वेळी शिजणाऱ्या पायांचे जिलेटिन व चव त्यात साठत जाते. घरी हा रस थंड करून, वर थिजलेली चरबी काढून, फ्रीजरमध्ये ठेवता येतो. पुढच्या वेळी तो वितळवून पूर्ण उकळी आणावी लागते आणि त्यातील मीठ लक्षात घेऊन सोया सॉस कमी करावा लागतो.

शिजण्यामागील विज्ञान

डुकराच्या पायातील कातडी, कंडरा आणि सांध्यांभोवतीची ऊती प्रामुख्याने कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते. कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळापासून तयार होतो, त्यामुळे कच्च्या स्थितीत तो चिवट असतो. सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला कोलॅजेनचे तंतू आकसतात आणि मांस आणखी घट्ट होते. त्यापुढील तापमानात, पाण्याच्या सान्निध्यात, हा पीळ हळूहळू उलगडून त्याचे जिलेटिन बनते. हे रूपांतर तापमानाइतकेच वेळेवर अवलंबून असते. म्हणूनच तासाभराने रबरासारखी लागणारी कातडी आणखी तासाभराने मऊ होते.

जोरात उकळल्याने मात्र हे काम त्या प्रमाणात लवकर होत नाही. उकळते पाणी १०० अंशांपेक्षा फारसे तापत नाही. उलट त्याच्या खळबळीने कातडी फाटते आणि चरबी रसात घुसळली जाऊन रस गढूळ होतो. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून तेथे वेळेची खरी बचत होते. थंड झाल्यावर जिलेटिनचे जाळे पुन्हा जुळते आणि त्यात पाणी अडकून रस थिजतो. फ्रीजमध्ये ठेवलेला जोकबालचा रस खळीसारखा घट्ट होणे हे पाय योग्य प्रकारे शिजल्याचे लक्षण आहे. महाराष्ट्रात परिचित असलेला बकऱ्याच्या पायांचा पाया निवल्यावर ओठांना चिकटतो, त्यामागील कारण हेच आहे.

वाढण्याची व खाण्याची पद्धत

जोकबाल कोमट किंवा साध्या तापमानाला वाढतात. सर्वांत महत्त्वाचे तोंडीलावणे म्हणजे ‘सेउजोत’, अर्थात मिठात मुरवून आंबवलेली बारीक कोळंबी. ही कोळंबी असेटेस या प्रजातीतील असते. कोकणात वाळवून खाल्ला जाणारा जवळा याच प्रजातीत मोडतो. फरक असा, की जवळा उन्हात वाळवतात आणि सेउजोत मिठाच्या पाण्यात मुरते. चांद्र दिनदर्शिकेच्या सहाव्या महिन्यात पकडलेल्या कोळंबीचे ‘युकजोत’ सर्वोत्तम मानले जाते. सेउजोतमध्ये प्रथिने व मेद यांचे विघटन करणारी विकरे असतात, म्हणून ते डुकराच्या मांसाच्या पचनास मदत करते, अशी पारंपरिक समजूत आहे. चवीच्या दृष्टीने पाहता त्याचा तीव्र खारटपणा कातडीच्या स्निग्धतेला छेद देतो.

दुसरी पद्धत ‘स्साम’ची. लेट्यूसच्या पानावर मांसाचा काप, त्यावर ‘स्सामजांग’ नावाची तिखट-गोड सोयाबीनची चटणी, कच्च्या लसणाची चकती आणि हिरव्या मिरचीचा तुकडा ठेवून, विड्याप्रमाणे घडी घालून ते एकाच घासात खातात. लेट्यूसऐवजी किंवा त्याच्यासोबत ‘क्केन्निप’ही वापरतात. या शब्दाचा शब्दशः अर्थ तिळाचे पान असा असला, तरी प्रत्यक्षात ते तुळशीच्या कुळातील पेरिला या वनस्पतीचे पान असते.

सोबत किमची, मुळ्याचे आंबट-तिखट लोणचे आणि कुट्टूच्या पिठाच्या थंड शेवयांचा ‘माकगुक्सु’ असतो. शेवया मोठ्या तबकात भाज्या व तिखट सॉससह कालवून सर्वांनी मिळून खातात. मद्यांत सोजूला पसंती असते. मद्यासोबत खाण्याच्या पदार्थांना कोरियन भाषेत ‘आंजू’ म्हणतात आणि जोकबाल हा त्यांतील प्रमुख पदार्थ आहे.

प्रकार

नेंगछे जोकबाल: बुसान शहरातील बुप्योंग-दोंग येथील जोकबाल गल्ली या प्रकारासाठी ओळखली जाते. थंड काप, काकडीसारख्या भाज्या आणि खारवलेल्या जेलीफिशच्या पट्ट्या यांवर मोहरी, व्हिनेगर व साखरेचा झणझणीत सॉस घालतात. मोहरीचा फणकारा आणि आंबटपणा यांमुळे हा प्रकार उन्हाळ्यात विशेष आवडीने खाल्ला जातो.

बुल जोकबाल: ‘बुल’ म्हणजे आग. शिजवलेल्या पायांना लाल मिरचीची पूड व मिरचीचा लगदा यांचा सॉस लावून ते विस्तवावर किंवा तव्यावर परततात. यासाठी बहुधा आखूड पाय वापरले जातात.

ओह्यांग जोकबाल: चक्रीफूल, दालचिनी, लवंग आदी पाच मसाल्यांचे प्रमाण वाढवून केलेला, चिनी वळणाचा प्रकार.

मानुल जोकबाल: ‘मानुल’ म्हणजे लसूण. कापांवर ठेचलेल्या लसणाचा गोडसर सॉस पसरतात.

सोलमधील मापो भागातील गोंगदोक बाजारातही जोकबालच्या दुकानांची एक गल्ली असून तेथे जोकबालसोबत सुंदे व त्याचे सूप वाढण्याची प्रथा आहे. उकडलेल्या डुकराच्या मांसाचा ‘बोस्साम’ हा पदार्थ अनेकदा जोकबालसह एकाच ताटात विकला जातो. या जोडताटाला दोन्ही नावांची आद्याक्षरे घेऊन ‘जोकबो’ म्हणतात. कोरियन भाषेत घराण्याच्या वंशावळीच्या ग्रंथालाही ‘जोकबो’ असेच नाव आहे, त्यामुळे या नावात श्लेष साधला गेला आहे.

पोषण आणि समजुती

जोकबालमध्ये प्रथिने भरपूर असली, तरी त्यांचा मोठा भाग कोलॅजेनचा असतो. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, म्हणून केवळ त्यावर शरीराची प्रथिनांची गरज भागत नाही. कातडीखाली चरबीचा थर असतो, आणि सोया सॉस व सेउजोत यांमुळे मिठाचे प्रमाण बरेच वाढते. उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

जोकबाल खाल्ल्याने त्वचा तुकतुकीत होते, असा समज कोरियात रूढ आहे आणि विक्रेते त्याचा उपयोगही करून घेतात. खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे त्वचेत जाऊन बसत नाही. पचनक्रियेत त्याचे अमिनो आम्ले व लहान पेप्टाइडे यांत विघटन होते आणि शरीर ती आपल्या गरजेनुसार वापरते. दूधवाढीसाठी बाळंतिणीला पायांचे कढण देण्यामागेही अशीच पारंपरिक श्रद्धा आहे. पौष्टिक, पातळ आणि गरम आहार म्हणून त्याचा आधार होत असे, हे मात्र समजण्यासारखे आहे.

साठवण आणि सुरक्षितता

डुकराचे मांस कच्चे किंवा अर्धकच्चे खाल्ल्यास कृमी व रोगजंतूंचा संसर्ग होऊ शकतो. जोकबाल दीर्घकाळ शिजत असल्याने शिजवण्याच्या टप्प्यावर हा धोका राहत नाही. धोका निर्माण होतो तो आधी आणि नंतर. कच्चे पाय कापलेला पाट व सुरी न धुता शिजलेल्या पायांसाठी वापरणे, तसेच शिजलेले पाय किंवा रस कित्येक तास कोमट अवस्थेत उघडे ठेवणे टाळावे लागते. निववण्याचा वेळ तास-दीड तासापुरता मर्यादित ठेवून उरलेला भाग फ्रीजमध्ये ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत संपवतात.

फ्रीजमधील जोकबाल कडक होतो. वाफेवर किंवा थोड्या रसात गरम केल्यास तो पुन्हा मऊ पडतो. कोरड्या तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये झाकण न ठेवता गरम केल्यास कातडी चामड्यासारखी होते. उरलेले काप तिखट सॉसमध्ये परतून बुल जोकबालप्रमाणे खाण्याचीही पद्धत आहे.

इतर देशांतील तत्सम पदार्थ

डुकराचे पाय मंद आचेवर शिजवण्याची प्रथा पूर्व आशियात आणि युरोपात व्यापक आहे. जपानच्या ओकिनावा बेटांवरील ‘तेबिची’, सोया सॉसमध्ये शिजवून भातावर वाढला जाणारा थायलंडमधील ‘खाओ खा मू’ आणि फिलिपिन्समधील ‘पाता तिम’ हे पदार्थ जोकबालच्या जवळचे आहेत. जर्मनीत ‘आइसबाइन’ हा खारवून उकडलेला, तर ‘श्वाइन्सहाक्से’ हा भाजलेला प्रकार प्रसिद्ध आहे. बहुतेक ठिकाणी हे पदार्थ हाडासह, गरम आणि रसासह वाढले जातात. निववून, हाड काढून, पातळ काप करणे आणि ते पानात गुंडाळून खाणे हे जोकबालचे वेगळेपण आहे.

हेही पहा

• किमची
• बोस्साम
• सुंदे
• साम्ग्योप्साल
• नेंगम्योन
• पाया